खालच्या दातांच्या मागे

तोंडात काहीतरी तुटलं आणि जिभेवर येऊन पडलं. वनमालानं जीभ होती तिथंच आवळून धरली. वर डोळ्यांवर येणारा दिवा, त्याच्या अलीकडं मास्कवरचे डॉक्टर उज्माचे दोन डोळे, ओठाच्या कोपऱ्यात अडकवलेली नळी घरघरत थुंकी ओढतेय आणि खालच्या दातांच्या मागं ते बारीक टोकाचं मशीन चीं करत, पाणी उडवत फिरतंय. दुखलं तर काहीच नव्हतं. दुखलं नाही म्हणूनच ती जास्त घाबरली, कारण तिच्या जावेला, छबुबाईलाही, सुरुवातीला काहीच दुखलं नव्हतं. पडलेला तुकडा तिनं जिभेच्या शेंड्यानं चाचपला. तुरीच्या डाळीएवढा असेल, एका बाजूनं खरबरीत, दुसऱ्या बाजूनं गुळगुळीत. दात असेल का? मशीननं दात हलतात, पडतात, असं गल्लीतल्या बायका सांगतच होत्या. दात असला तर बरंच, एक गेला तर गेला, असं मनात आलं आणि ती स्वतःवरच चिडली. साठीला आलेली बाई, देवाकडं काय मागावं याची काही रीत? पण दात नसेल तर मग ते तुटलं होतं. ते. पोळ्यापासून तिनं ज्याला मनातल्या मनातसुद्धा नाव दिलं नव्हतं ते. दुखलं तर हात वर करा, असं उज्मानं आधीच सांगून ठेवलं होतं. वनमालानं हात वर केला नाही. हात वर केला की मशीन थांबणार, मशीन थांबलं की बोलावं लागणार, आणि काचेच्या दारापलीकडं बाकावर पुतणी संस्कृती बसलेली होती.

पोळ्याच्या दिवशी ती एका ब्लाउजला हुक लावत होती. बीडमध्ये आल्यापासून, म्हणजे नवरा एसटीत लागला तेव्हापासून, तिनं गल्लीच्या तोंडाशी शिलाईचं दुकान चालवलं, आणि दुकानात कात्री असली तरी धागा दातानंच तोडला. वाकायचं, कापडाजवळ तोंड न्यायचं, कट्. त्या दिवशीही तसंच केलं. धाग्याचं टोक पुढं ढकलायला जीभ सवयीनं खालच्या दातांच्या मागं गेली आणि तिथं कशाला तरी धडकली. कडक. दाताच्या मागं हिरडीला चिकटून, एका दातावरून शेजारच्या दातावर गेलेलं, हाडासारखं काहीतरी. ते आधीपासून असेलही, पण जिभेनं त्याची दखल त्या दिवशी घेतली, आणि जिभेला एकदा दखल घ्यायची चटक लागली की ती माणसाचं ऐकत नाही. भाकरी खाताना, गिऱ्हाइकाशी बोलताना, मंगळवारी देवळात हात जोडून उभं असताना जीभ आपली तिथं. आरशात बघावं तर खालच्या दातांची मागची बाजू कुणालाच आपली आपल्याला दिसत नाही. मग तिनं न्हाणीघराचं दार लावून घेतलं आणि बोट घातलं. ते बोट त्या कडकपणावर टेकलं. बोटाला ओळख पटली होती. असं कडक या बोटानं आधी एकदा चाचपलं होतं. दुसरीच्या तोंडात.

उमापूरला लग्न होऊन आली तेव्हा पहिले काही महिने तिला कुणाशी बोलायचं ते कळत नव्हतं. सासू बोलायची ते हुकूम असायचे, नवरा दिवसभर रानात. मोठी जाऊ छबुबाई मात्र सकाळी डोळ्यानं खुणावून तिला गोठ्याच्या मागं न्यायची. तिथं दोन दगड मांडलेले, एक छबुबाईचा, एक नव्या सुनेचा. मिसरी छबुबाई स्वतः भाजायची. तंबाखूची पानं तव्यावर काळीभोर होईतो जाळायची, त्या धुरानं घरभर ठसका उठायचा, कुत्रंसुद्धा अंगण सोडून जायचं, आणि ही पदर नाकाला लावून हसत बसायची. मग कुटून, चाळून पावडरच्या एका निळ्या डबीत. सकाळी दोघींच्या तर्जन्या त्या डबीत बुडायच्या आणि तोंडात जायच्या, आणि मग बराच वेळ कुणालाच बोलता यायचं नाही. त्या गप्प बसण्यात वनमालाला पहिल्यांदा त्या घरात आपलं कुणीतरी आहे असं वाटलं. डोकं थोडं हलकं व्हायचं, म्हशी शेपट्या हलवायच्या, ऊन गोठ्याच्या पत्र्यावर चढायचं. मग दोघी एकदमच थुंकायच्या आणि एकदमच बोलायला लागायच्या. पुढं वनमाला बीडला आली तरी दर खेपेला एसटीच्या कुणा ना कुणा कंडक्टरच्या हाती उमापूरहून मिसरीची पुडी यायची. आणि एका दिवाळीला ती गावी गेली असताना छबुबाईनं गोठ्याच्या मागं बसल्या बसल्या चूळ भरली, तोंड उघडलं आणि म्हणाली, "वने, हितं बोट लावून बघ बरं. काय हाय?" गालाच्या आत, दाढेपाशी. कडक होतं. वनमालानं बोट काढलं, पदराला पुसलं, आणि दोघी एकमेकींकडं बघत राहिल्या.

आधी गेवराई, मग बीड, मग बार्शीचं कॅन्सरचं इस्पितळ. आमच्याकडं बार्शीला नेलं असं कुणी म्हटलं की पुढचं विचारत नाहीत. माणसं आवाज खाली करतात आणि चहा टाकायला सांगतात. तिथले डॉक्टर चांगले, तिथून बरी होऊन आलेली माणसंही गल्लीत हिंडताना दिसतात, पण छबुबाई परत आली ती परत आल्यासारखी आली नाही. आणि तिच्या उशाशी दिवसरात्र बसली ती तिची लेक संस्कृती, अकरा वर्षांची, शाळा सोडून. आईला नळीतून पातळ खिमट द्यायचं, तोंड पुसायचं, माशी उडवायची. आई गेली तेव्हा ती रडली नाही, नर्सबाईला विचारून नळी कुठं टाकायची ते पाहून आली. दिवस झाल्यावर वनमाला तिला बीडला घेऊन आली, शाळेत घातली, स्वतःच्या पोटी नव्हतं ते सगळं तिच्यावर उधळलं. पोरगी नर्सिंगलाच गेली, दुसरं काही तिला सुचलंच नसेल. आता शेवटचं वर्ष. वनमालानं न्हाणीघरात बोट तोंडातून काढलं तेव्हा तिला स्वतःचं मरण दिसलंच नाही, दिसली ती वर्ग सोडून उशाशी बसलेली संस्कृती, पुन्हा, त्याच स्टुलावर, हातात तीच वाटी. आणि घरात काही झालंच तर पोरीचं लग्न वर्षभर लांबणार, लोक दहा तोंडांनी बोलणार, ठरलेलं स्थळ हललं तर त्याचा बोल पोरीवर. तेव्हा आधी पोरीला तिच्या घरी पोचवायचं, मग आपलं तोंड कुणाला दाखवायचं ते दाखवायचं, असं तिनं न्हाणीघराच्या दाराला पाठ लावून ठरवून टाकलं.

स्थळ मनासारखं होतं. चकलांब्याचा रविराज, गेवराईत औषधांचं दुकान, पोरीनंच पसंत केलेला. सुपारी फुटली होती, घाई कुणालाच नव्हती. घाई एकट्या वनमालाला होती. रविराजच्या वडिलांना, भागवतरावांना, तिनं स्वतः फोन करून मार्गशीर्षातली तारीख काढायला लावली, तेव्हा तिचा नवरा बद्रीनाथसुद्धा वर्तमानपत्र खाली ठेवून बघायला लागला. संस्कृती दुकानात येऊन मशीनसमोर उभी राहिली. "परीक्षा उन्हाळ्यात हाय, काकू. ती झाल्यावर केलं तर कोन्चं आभाळ कोसळनार हाय?"

"लोक थांबत नसतेत."

"रविराज थांबतो म्हनतोय. तूच थांबंना गेलीस. कावून? जड झाले का मी तुला?"

वनमालानं पायडल दाबलं. शिलाई वाकडी गेली, ती तिनं रात्री उसवली. त्यानंतर पोरगी काही म्हणाली नाही, ताट वाढलं की जेवायची, विचारलं की उत्तर द्यायची. एकदाच, काउंटरवरची कात्री हातात घेऊन खेळता खेळता म्हणाली होती, "काकू, तू धागा दातानं तोडीना गेलीस आजकाल." आणि वनमालानं वयाचं काहीतरी सांगून वेळ मारून नेली. नर्सिंग शिकणाऱ्या पोरीसमोर तोंड उघडायचं नाही म्हणून ती हसणंसुद्धा पदराआड करायला लागली होती, आणि पोरीला वाटत होतं की काकू आता आपल्याशी हसतही नाही.

आज हे सगळं ज्या गमतीनं घडलं त्याला काय म्हणावं! लग्नाआधी दात साफ करून घ्यायची आता पद्धतच पडलीय, मेंदी, पार्लर तसं तेही एक. संस्कृतीचं झालं, तिला लागलाच किती वेळ. पुढं छापखान्यात जाऊन पत्रिकेचा मजकूर द्यायचा, एवढंच काम उरलं होतं. तर उज्मा हातमोजे बदलत म्हणाली, "मावशी, तुमी पन बसा ना. तुमचे तर मी फुकट करीन." उज्मा म्हणजे बसस्थानकाजवळ सीताफळांचा गाडा लावणाऱ्या जलालुद्दीनची लेक. तिचे शाळेचे फ्रॉक वनमालानंच शिवलेले, दर जूनमध्ये उंची वाढलेली असायची म्हणून खाली चार बोटं कापड दुमडून ठेवायची.

"माझे दात घासून काय व्हनार आता? मला कोन बघायला येनार हाय?"

"फोटोत काय मी एकटीच असनार का?" संस्कृती म्हणाली. "का तू तोंडाला पदर लावून बसनार?" बऱ्याच दिवसांनी पोरगी इतकं लांब वाक्य बोलली होती. नाही म्हणायला वनमालाकडं एकच कारण होतं आणि ते सांगता येत नव्हतं. ती खुर्चीवर बसली, खुर्ची मागं गेली, पाय वर आले, आणि वधस्तंभावरसुद्धा बाईला साडीच्या निऱ्या सावराव्या लागतात हे तिच्या ध्यानात आलं. उज्मानं छोटा आरसा घातला. दोन्ही गाल ओढून पाहिले, जीभ कापडात धरून पाहिली, जिभेखाली पाहिलं. "हं," म्हणाली. "लई वर्षांची मिसरी हाय, मावशी." मग आरसा खालच्या दातांच्या मागं गेला आणि तिथं थांबला. वनमाला वाट बघत राहिली. तो शब्द आता येईल. पण उज्मा काहीच बोलली नाही, मागं वळून म्हणाली, "संस्कृती, तू भायेर बस गं, पानी उडतंय." आणि वनमालाची खात्रीच पटली. छबुबाईच्या वेळीही डॉक्टरनं आधी संस्कृतीला बाहेर काढलं होतं. असलं काही पोरांसमोर कुणी सांगत नाही.

"थुंका," उज्मा म्हणाली. मशीन थांबलं होतं. खुर्ची सरळ झाली. शेजारी पांढरं भांडं, त्यात पाण्याची बारीक धार गोल फिरतेय. वनमालानं भांड्यात थुंकायच्या आधी तोंडाखाली तळहात धरला आणि तुकडा हातावर घेतला. लाल पाणी बोटांमधून गळालं. तुकडा राहिला. वरून काळा, तव्याच्या बुडासारखा काळा. आणि उलटवला तर आतून पिवळट, खोलगट, एखाद्या साच्यातून काढल्यासारखा. ती खोलगट बाजू कशाच्या पाठीवर बसलेली होती हे तिच्यासारख्या मापं घेणाऱ्या बाईला लगेच कळायला हवं होतं, पण तिला त्या क्षणी काहीच कळत नव्हतं. "दात हाय का?" तिनं विचारलं.

"दात कुठला, मावशी! कीटण हाय. दातावर चढतंय, मग दगड व्हतोय. तुमच्यावानी मिसरीवाल्यांना तर लईच. निघालं की लोकांना वाटतंय दात हलला. दात हाय तिथंच हाय."

"आन ती गाठ?"

"कोन्ती गाठ?"

वनमालानं बोट तोंडात घातलं. दाखवायला. खालच्या दातांच्या मागं बोट गेलं आणि गुळगुळीत दातावरून घसरलं. तिनं पुन्हा घातलं. एक दात, मग फट, मग दुसरा दात, मग फट. मऊ हिरडी, थोडी हुळहुळी. जे होतं ते नव्हतं. कोपऱ्याला अजून जरा उरलेलं, बोटानं चाचपलं तसं तेही नखाखाली भुरभुरलं. "हितं व्हती," ती म्हणाली. "हितं. पोळ्यापासून. कडक."

उज्मानं मास्क खाली ओढला. आधी ती हसणार होती, ते तोंडावर आलंही होतं, पण वनमालाचा चेहरा बघून ते तिथंच थांबलं. छबुबाईचं तिला ठाऊक होतं. गल्लीत कुणाला ठाऊक नव्हतं? तिनं वनमालाची ओली मूठ दोन्ही हातांत धरली. "हीच ती, मावशी. हातात हाय तुमच्या. थुंकीतलं जमतंय तिथं, त्या जागेला सगळ्यांनाच जमतंय. मी आत्ताच सगळं तोंड बघितलं. गाल, जीभ, जिभेखाली. तुमाला जे वाटतंय ते कुठंच न्हाई."

"मंग तू तिला भायेर कावून काढलीस?"

"पानी उडतंय म्हनून! नवा ड्रेस हाय तिचा!"

वनमाला रडली. चांगली हुंदके देऊन, दंडाच्या बाहीला नाक पुसत रडली, आणि रडता रडता तिला भूक लागली. पोळ्यापासून अशी भूक लागली नव्हती. सुटले, असं ती मोठ्यानं म्हणाली, एकदा नाही, दोन-तीनदा, आणि उज्मा मान हलवत राहिली. मग खुर्ची पुन्हा मागं गेली आणि उरलेलं काम झालं. आता त्या मशीनचा आवाज तिला वेगळाच लागत होता. ते चीं चीं आता दातादातांवरून वर्षं खरवडत चाललं होतं, गोठ्यामागची सकाळ, तव्यावरचा धूर, कंडक्टरनं आणलेल्या पुड्या, आणि तिला मध्येच वाईटही वाटलं, कारण हे कीटण का होईना, त्यात थोडी छबुबाई होती. पण ते वाईट वाटणं साधं होतं, माणसाला पेलेल असं. उज्मा बोलत होती आणि वनमालाला उत्तर देता येत नव्हतं. मिसरी आजच्या आज सोडायची. हिरड्या सुजल्यात त्या मिसरीनंच. सोडली नाही तर काय होतं ते तुम्हाला मी काय सांगू. सहा महिन्यांनी पुन्हा तोंड दाखवायचं. आणि हा पुढचा दात, याला ही खाच कसली, धाग्याची ना? लहानपणी मी बघायची तुम्हाला. आता कात्री वापरायची, मावशी, दातानं धागा तोडायचा नाही, ऐकायला आलं का? वनमालानं उघड्या तोंडानं हो म्हटलं. छबुबाईमागं आपल्याकडं आलेली निळी डबी रिकामी करून हुक ठेवायला बरी पडेल, असा विचार तिच्या डोक्यात चालला होता.

ती बाहेर आली तेव्हा संस्कृती बाकावर बसून बाहीचं बटण पिळत होती. लहानपणापासूनची खोड, दवाखान्यात बसली की बटण पिळायचं. ते आता एका धाग्यावर लोंबत होतं. काकूचे सुजलेले डोळे बघून ती ताडकन उठली.

"काय झालं? लई दुखलं का?"

वनमालानं मूठ उघडली. "हे बघ."

पोरीनं तुकडा उचलून उजेडाकडं धरला. "कीटण हाय. एवढं मोठं? शी, काकू!"

"मला वाटलं, तुझ्या आईला झालतं तेच हाय."

संस्कृतीचा हात तसाच वर राहिला. तिला समजवायला काहीच लागलं नाही. त्या घरात हे समजवायची गरज जिला कधीच पडणार नाही अशी ती एकटीच होती. ती काकूच्या तोंडाकडं बघत होती, डोळ्यांकडं नाही, तोंडाकडं. मग हळू म्हणाली, "कवापासून?"

"पोळ्यापासून."

"आन म्हनून मार्गशीर्ष?"

"म्हनून."

"म्हंजी मी जड झालते म्हनून न्हाई."

"येडी हायस का तू?" वनमालानं तिचा दंड धरला. "तुला सांगितलं असतं तर परीक्षा सोडून माझ्यापाशी बसली असतीस. बसली असतीस का न्हाई?"

"बसले असते! मग?" पोरगी एवढ्या मोठ्यानं ओरडली की समोरचा गालफड सुजलेला माणूस दचकला. "मी नर्सिंग कशापायी करायले? दुसऱ्यांच्या काकूंसाठी?" आणि मग ती, जी आईच्या वेळी रडली नव्हती, ती काकूच्या खांद्यावर डोकं आपटून आपटून रडली. वनमाला तिच्या पाठीवरून हात फिरवत होती. तोंडात दाताच्या फटींतून गार हवा जात होती, नव्या घरात खिडक्या उघड्या राहिल्यासारखी, आणि तिला ते आवडत होतं.

"छापखान्यात जायचंय ना?" शेवटी नाक ओढत संस्कृती म्हणाली.

"त्याला फोन कर. म्हनावं, परीक्षा झाल्यावर येतो."

"आन भागवतराव?"

"त्यांना मी सांगते. बोलतील चार शब्द, ऐकून घीन. तू आधी हिकडं ये, बटन पडतंय." सुई-दोरा तिच्या पिशवीत नेहमीच असायचा. तिनं पोरीला बाकावर बसवलं, बाही ओढून घेतली आणि दोऱ्याचा एक तुकडा तिच्यापुढं धरला. अंगावरचं शिवताना तोंडात काहीतरी धरायचं असतं, हे पोरीला लहानपणापासून शिकवलेलं. संस्कृतीनं रडक्या तोंडानं दोरा ओठांत धरला, आणि आता तिला बोलता येत नव्हतं. वनमालाही बोलली नाही. सुई आत गेली, बाहेर आली. गाठ मारली. हात पोळ्यापासूनच्या सवयीनं पिशवीतल्या कात्रीकडं गेला आणि तिथंच थांबला. मग वनमाला वाकली, पोरीच्या मनगटाजवळ तोंड नेलं, आणि दाराशी आलेली उज्मा "मावशी!" म्हणून ओरडली तोवर धागा तुटला होता.